टोपीखालचा स्क्रू

भिंतीला आतून लाकडी तक्त्यांचे किंवा प्लायवूडचे आच्छादन करण्याची पद्धत आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील खेडसारख्या तालुक्याच्या गावीही दुकाने, दवाखाने आणि घरांचे दिवाणखाने असे सजवलेले दिसतात. हे तक्ते मागच्या लाकडी चौकटीवर स्क्रूने आवळतात. गुळगुळीत पृष्ठभागावर ओळीने दिसणारी स्क्रूची डोकी डोळ्यांना खुपतात, म्हणून ती झाकली जातात. कोणी प्लॅस्टिकची टोपी दाबून बसवतो, कोणी पितळी टोपी लावतो, कोणी गोल चिकटपट्टी चिकटवतो, कोणी लाकडाची छोटी खुंटी ठोकतो, तर कोणी पुट्टी भरून वरून रंग देतो.

वरवर पाहता हा केवळ शोभेचा प्रश्न आहे. पण कोकणातल्या हवेत या टोपीखाली काय घडते, हे पाहू लागलो की शाळेत शिकवलेले बरेचसे विज्ञान तेथे भेटते. शिवाय झाकण चुकीचे निवडले तर तक्ता आणि भिंत या दोहोंचे नुकसान होते.

डोके कशासाठी असते?

स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण. समजा, पेचकसाच्या मुठीचा व्यास २५ मिलिमीटर आहे. एका फेऱ्यात आपला हात सुमारे ७९ मिलिमीटर अंतर फिरतो. स्क्रूच्या दोन आट्यांमधले अंतर २.५ मिलिमीटर असेल, तर तेवढ्यात स्क्रू २.५ मिलिमीटरच आत जातो. घर्षण नसते तर आपले बल ३१ पटींहून अधिक झाले असते. प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा घर्षणात खर्च होतो. पण त्याच घर्षणामुळे स्क्रू आपोआप उलटा फिरून बाहेर येत नाही.

आटे मागच्या चौकटीत रुततात आणि डोके पुढच्या तक्त्याला त्या चौकटीवर दाबून धरते. म्हणजे डोके हा स्क्रूचा बिनकामाचा भाग नव्हे. ते झाकायचे, पण त्याच्या कामात अडथळा येऊ द्यायचा नाही, ही पहिली अट.

जुन्या कारागिरांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या दरवाजांवर फुगीर गोल डोक्याचे खिळे ओळीने ठोकलेले आपण पाहतो. त्यांना गुलमेखा म्हणतात. तेथे डोके लपवलेले नाही, तेच सजावट झाले आहे. आजची टोपी मात्र डोके दिसू नये म्हणून असते, आणि येथूनच अडचणी सुरू होतात.

लाकूड स्थिर नसते

लाकूड हवेतील बाष्प शोषते आणि सोडतेही. खेड तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असली, तर लाकडातील पाण्याचे प्रमाण कोरड्या वजनाच्या सुमारे १७ टक्के होते. आर्द्रता ६० टक्के असेल तेव्हा ते ११ टक्क्यांवर येते. म्हणजे ६ टक्क्यांचा फरक.

हे पाणी तंतूंच्या भित्तिकांत शिरते, त्यामुळे लाकूड तंतूंना आडव्या दिशेने फुगते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने होणारा बदल जवळजवळ नगण्य असतो. सागाच्या तक्त्यात पाण्याचे प्रमाण १ टक्क्याने बदलले, की वाढवलयांना समांतर दिशेने रुंदी सुमारे ०.१९ टक्के बदलते. आता ३०० मिलिमीटर रुंद तक्त्याचे गणित करा: ३०० × ०.००१९ × ६ = सुमारे ३.४ मिलिमीटर. सागासारखे शांत समजले जाणारे लाकूडही वर्षातून एकदा एवढे पुढेमागे होते. तक्ता दोन्ही कडांना घट्ट आवळला असेल तर तो वाकतो किंवा चिरतो. म्हणून जाणता सुतार एका बाजूचे भोक गोल न ठेवता लांबट ठेवतो. स्क्रू त्यात सरकू शकतो आणि वरची टोपी ते लांबट भोक झाकते. येथे टोपी शोभेपलीकडचे काम करते. प्लायवूडमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे हा बदल फारच कमी होतो.

लाकडाची खुंटी बसवतानाही हाच नियम लागू पडतो. १२ मिलिमीटर व्यासाची गोल खुंटी पावसाळ्यात आडव्या दिशेने सुमारे ०.१ मिलिमीटरने वाढते, उभ्या दिशेने वाढत नाही. गोल खुंटी किंचित लंबगोल होते. तिचे तंतू तक्त्याच्या तंतूंच्या दिशेतच असतील, तर दोघे एकाच दिशेने हलतात. दिशा चुकली तर कड बोटाला लागते आणि पॉलिशमध्ये बारीक वर्तुळाकार चीर उमटते.

टोपीखालचा गंज

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन लागतो. टोपी या दोहोंना पूर्णपणे रोखत नाही. भिंतीतली ओल मागून येते, आणि टोपीखालच्या अरुंद जागेत जमलेला पाण्याचा पातळ थर लवकर वाळत नाही. उघडे डोके दुपारच्या उन्हात कोरडे होते, झाकलेले डोके मात्र ओलेच राहते.

टोपी पितळेची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा असेल तर आणखी एक गोष्ट घडते. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये ओलावा, म्हणजे एक छोटा विद्युतघटच झाला. यात अधिक क्रियाशील धातू झिजतो. पितळापेक्षा लोखंड अधिक क्रियाशील असल्याने टोपी चकचकीत राहते आणि स्क्रू झिजतो. जस्त मात्र लोखंडाहूनही क्रियाशील आहे. म्हणून जस्ताचा मुलामा असलेल्या स्क्रूत आधी जस्त झिजते आणि ते संपेपर्यंत लोखंड सुरक्षित राहते. गंजाचे घनफळ मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे गंज वाढला की टोपी उचलली जाते आणि पुट्टीला तडा जातो. पेचकस अडकवण्याची खाचही बुजते.

काही वेळा स्क्रूभोवती निळसर काळा डाग पसरतो. तो बुरशीचा असेलच असे नाही. अनेक लाकडांत टॅनिन असते. ओलाव्यात लोखंडाचे आयन त्याच्याशी संयोग पावतात आणि काळे संयुग तयार होते. हिरडा आणि लोखंडाचे क्षार यांपासून काळा रंग करण्याची आपल्याकडची जुनी रीत याच रासायनिक क्रियेवर आधारलेली आहे. डाग पुसून उपयोग नसतो, कारण लोखंड तेथेच असते. स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळी स्क्रू वापरणे हा खरा उपाय.

पुराचा धडा

जुलै २०२१ मध्ये जगबुडी नदीला पूर येऊन खेडच्या बाजारपेठेत पाणी शिरले. पूर ओसरल्यावर पृष्ठभाग पुसून घेतला तरी तक्त्यामागची पोकळी ओलीच राहते. भिंत वाळत नाही, बुरशी वाढते, वाळवीला आसरा मिळतो. मागून विजेच्या तारा गेल्या असतील तर धोका अधिक. अशा वेळी वीजपुरवठा बंद करून तक्ते उतरवणे आणि भिंतीला वारा लागू देणे आवश्यक असते.

स्क्रूवर काढता येणारी टोपी असेल तर हे काम पेचकसाने थोड्या वेळात होते. पुट्टी भरून रंगवलेले असेल तर स्क्रू कोठे आहेत हेच कळत नाही. मग पहार घालावी लागते, आणि वाचू शकणारा तक्ताही फुटतो. मागची ओल वर्षानुवर्षे लपून राहते ती वेगळीच.

म्हणून ओलसर प्रदेशात झाकणाची निवड करताना काही गोष्टी पाहाव्यात. स्क्रू स्टेनलेस स्टीलचा, निदान जस्ताचा मुलामा असलेला हवा. साध्या लोखंडी स्क्रूवर पितळी टोपी नको. चिकटपट्टी ओलाव्याने आणि धुळीने सुटते, तेव्हा ती कोरड्या जागीच वापरावी. लवचीक प्लॅस्टिकची दाबून बसणारी टोपी पुन्हापुन्हा काढता येते. दिसायला ती साधी असली, तरी खालच्या दोन ओळींतील तक्त्यांना तीच बरी. खुंटी आणि पुट्टी जेथे तक्ता कधीच उतरवावा लागणार नाही अशा उंच, कोरड्या भागासाठी ठेवावी. थोडक्यात, स्क्रू डोळ्यांपासून लपावा, हातापासून लपू नये.

वर्गात करून पाहा

१. काटकोन त्रिकोणाच्या आकाराचा कागद कापून पेन्सिलीभोवती गुंडाळा. कर्णाची रेषा आट्यांसारखी चढत जाते. त्रिकोण अधिक बसका घेतला तर आट्यांमधले अंतर कमी होते की वाढते?

२. दूध न घातलेल्या चहाच्या काढ्यात चिमूटभर हिराकस टाका. काढा काळसर होतो. लाकडावरचा डाग असाच पडतो. हे मिश्रण चाखू नये.

३. तीन सारखे खिळे घासून स्वच्छ करा. एक तसाच ठेवा, दुसऱ्याला उघडी तांब्याची तार घट्ट गुंडाळा, तिसऱ्याला जस्ताची पट्टी. तिन्ही खिळे मिठाच्या पाण्यात वेगवेगळ्या पेल्यांत ठेवून तीन दिवस रोज नोंद करा. कोणता आधी गंजतो, कोणता वाचतो?

नोंदी झाल्यावर विद्यार्थ्यांना शाळेतले फळे, कपाटे आणि दारांच्या बिजागऱ्या तपासायला सांगा. कोणता स्क्रू कोणत्या धातूचा आहे, कोठे डाग आहे, कोठे डोके झाकलेले आहे, याचा तक्ता त्यांनी करावा. तपासणी जूनमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा केली, तर चार महिन्यांच्या पावसाने काय केले ते त्यांच्याच नोंदींतून कळेल.