पदवीतलं अक्षर

कमर्शियल आर्टच्या शिक्षणाचा आढावा घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण 1857 पासून सुरू करतात. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या स्थापनेची ती कहाणी या अंकाच्या वाचकांना पाठ आहे. माझी सुरुवात 1935 पासून. त्या वर्षी जे. जे.मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग उघडला आणि गिरण्यांची लेबलं, सिनेमाची पोस्टरं, साबण-तेलाच्या जाहिराती करणाऱ्या हातांना रीतसर अभ्यासक्रम मिळाला. व्ही. एन. आडारकरांच्या देखरेखीखाली तो विभाग वाढला, पुढे त्याची स्वतंत्र संस्था झाली. गिरगाव-दादरकडचे खासगी क्लासही तेव्हा भरात होते. दंडवतीमठ मास्तरांच्या नूतन कला मंदिरातून एस. एम. पंडितांसारखा चित्रकार बाहेर पडला, यावरून त्या क्लासांची ताकद कळावी.

मधला काळ मी भराभर ओलांडतो. 1965 मध्ये कला संचालनालय आलं, ऐंशीच्या दशकात जी. डी. आर्ट पदविकेच्या जागी विद्यापीठाची बी. एफ. ए. आली, पुणे, नागपूर, औरंगाबाद, कोल्हापूर आणि गोव्यात आल्तिनोवरचं कला महाविद्यालय अशी साखळी तयार झाली. पदवीमुळे मुलांना नोकरीत वेतनश्रेणी मिळाली, परदेशी शिकायला जाता आलं. हे सगळं चांगलंच झालं. पण प्रमाणपत्रावर कोणाचा शिक्का आहे यावरून विद्यार्थ्याचा हात कसा तयार झाला ते कळत नाही. मला बोलायचं आहे ते हाताबद्दल, आणि त्यातही देवनागरी अक्षर काढणाऱ्या हाताबद्दल.

आम्ही शिकत होतो तेव्हा लेटरिंगचा तास म्हणजे कसोटी असे. टी-स्क्वेअर लावून आधी शिरोरेषा आखायची, मग अक्षराची उंची, मग वरच्या मात्रा-वेलांटीची आणि खालच्या उकाराची जागा. एकच शब्द आठवडाभर. अक्षरं सुटी सुटी सुरेख आली तरी मास्तरांचं समाधान होत नसे. ते कागद उलटा धरायला लावत. उलटा धरला की शब्द वाचता येत नाही, फक्त काळं आणि पांढरं दिसतं. ‘ग’च्या दोन भागांमध्ये राहिलेली फट, ‘ट’च्या पोटाखाली साचलेला रिकामेपणा, ‘र’ आणि ‘म’ यांच्यामध्ये पडलेलं भगदाड, सगळं डोळ्यांत खुपायला लागतं. मग ब्रशने पांढरा रंग घेऊन कडा दुरुस्त करायच्या. दोन अक्षरांमधलं अंतर पट्टीने मोजायचं नसतं, डोळ्यांनी तोलायचं असतं, हे मी तिथे शिकलो. मांडणीचं पुढचं सारं शिक्षण त्यावर उभं राहिलं.

बोरूचंही तेच. रोमन अक्षरांसाठी बाजारात मिळणारी कट निब देवनागरीला चालत नाही. आपल्या लिपीसाठी टोकाचा तिरका छेद उलट्या बाजूला द्यावा लागतो. आजही एखादा हुशार मुलगा महागडा इंग्रजी कॅलिग्राफी पेन घेऊन ‘क’ काढायला बसतो आणि जिथे रेघ जाड हवी तिथे ती बारीक पडते. त्याला वाटतं, आपला हात वाईट आहे. हात चांगला असतो, हत्यार दुसऱ्या लिपीचं असतं. बोरू स्वतः तासून घेतला की हे पाच मिनिटांत समजतं. एकेकाळी प्रत्येक महाविद्यालयात हा धडा पहिल्या वर्षीच होत असे.

या वाटेवर सर्वांत पुढे गेलेले गुरू म्हणजे र. कृ. जोशी. उल्का या जाहिरात संस्थेत त्यांनी उमेदीची वर्षं काढली आणि नंतर आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये, म्हणजे सगळे ज्याला आयडीसी म्हणतात तिथे, ते शिकवू लागले. जाहिरातीचं टेबल, सुलेखन, कविता आणि संगणक या चारही ठिकाणी ते सारख्याच सहजतेने वावरत. विंडोजबरोबर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच. देवनागरी संगणकावर यायची तर आधी तिची जोडाक्षरं, तिचे रफार, तिच्या हाताच्या सवयी समजून घ्याव्या लागतील, असा त्यांचा आग्रह होता. अच्युत पालवांनी मोडीचा अभ्यास करून सुलेखन रंगमंचापर्यंत नेलं, कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींना असा अक्षरचेहरा दिला की नाटकाचं नाव वाचण्याआधी नाटक ओळखू यावं. अलीकडे मुंबईच्या एक टाइप या चमूचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट जगभर वापरात आहेत. या सगळ्यांच्या मागे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात टाइपाचे पंच कोरणारे राणोजी रावजी आरू उभे आहेत. ही परंपरा पदवीच्या अभ्यासक्रमात किती शिकवली जाते? बऱ्याच ठिकाणी युरोपातल्या टाइपचा इतिहास सविस्तर असतो आणि आरूंचं नावही नसतं.

चित्रांकडे वळतो, कारण हा दिवाळी अंक आहे. 1909 च्या ‘मनोरंजन’पासून मराठी कथाचित्राला जे घर मिळालं तसं भारतात फार थोड्या भाषांना मिळालं. दीनानाथ दलालांनी 1945 मध्ये ‘दीपावली’ काढला, रघुवीर मुळगावकरांचा ‘रत्नप्रभा’ होता, आणि वसंत सरवट्यांची रेषा पु. ल. देशपांड्यांच्या गद्याशी गप्पा मारत असे. इलस्ट्रेशनसाठी पदवी कशाला, सरवटे तर इंजिनिअर होते, असं एक मंडळ दरवर्षी म्हणतं. सरवट्यांनी नोकरी सांभाळून स्वतःला जे शिकवलं ते शिस्तीत कोणत्याही महाविद्यालयापेक्षा कमी नव्हतं. अशी माणसं पिढीत दोन-चार होतात. महाविद्यालय बाकीच्या शेकडो मुलांसाठी असतं, आणि त्या मुलांना कथाचित्र शिकवता येतं, हे मी ठामपणे सांगतो.

शिकवताना मी मुलांना कथा वाचायला देत असे आणि पहिले दोन तास पेन्सिल उचलू देत नसे. कुठला क्षण काढायचा, ते बोलून सांगा. बहुतेक जण थेट शेवटचा धक्का काढायला निघत. त्या धक्क्याचं चित्र पानाच्या वरच्या बाजूला छापलं की वाचकाची कथाच संपते. धक्क्याच्या थोडं आधीचा क्षण शोधायचा, ज्यात पुढचं सगळं दडलेलं असतं पण उघड झालेलं नसतं. हे एकदा समजलं की मानवाकृती थोडी कच्ची असली तरी चित्र बोलतं. आज हा विषय बहुतेक ठिकाणी शेवटच्या वर्षातला एक पर्याय म्हणून उरला आहे, आणि मुलं तो सोडून ज्यात नोकरी दिसते ते घेतात. त्यांना दोष देऊन चालणार नाही. संपादकच कथेच्या वर यंत्राने बनवलेलं गुळगुळीत चित्र लावू लागले, तर चित्रकाराने कोणासाठी शिकायचं?

आता माझ्या जुन्या भांडणाकडे येतो. डिझाइन म्हणजे समस्या सोडवणं, अक्षरं गिरवणं ही कारागिरी झाली, असं मानणारा एक वर्ग या क्षेत्रात मोठा झाला. 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, आणि 1969 मध्ये आयडीसी सुरू झाली, तेव्हापासून तो बोलतो आहे. या संस्थांनी फार मोठं काम केलं, माझी तक्रार त्यांच्याशी नाही. तक्रार त्यांची अर्धी नक्कल करणाऱ्यांशी आहे. 2010 मध्ये स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह पाहा. ते करणारे डी. उदय कुमार आयडीसीत तमिळ अक्षरांवर पीएच. डी. करत होते आणि चिन्ह उभं राहिलं ते देवनागरी ‘र’ आणि शिरोरेषेच्या आधारावर. विचार आणि अक्षर यांची फारकत मूळ संस्थांनी केलीच नव्हती. एका महाविद्यालयाच्या अभ्यासक्रम समितीत मी देवनागरी लेटरिंगचे तास वाढवा म्हटलं, तेव्हा ‘सॉफ्टवेअर ते करतं’ असं उत्तर मिळालं आणि उरलेले तासही कापले गेले.

सॉफ्टवेअर काय करतं ते रोज रस्त्यावर दिसतं. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला नाही तर युनिकोड देवनागरीची जोडाक्षरं सुटतात, वेलांटी भलत्या अक्षरामागे जाऊन बसते, आणि ती तशीच छापून येते, कारण पदवीधराला ती खटकत नाही. इंग्रजी मजकुराइतकंच ओळीतलं अंतर ठेवल्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मराठीत वापरा, हे 2022 मध्ये शासन निर्णय काढून सांगावं लागलं. त्याच वर्षी दुकानांच्या पाट्यांवर मराठी नाव इतर लिपीपेक्षा लहान नसावं, असा कायद्यात बदल झाला, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. राज्यभर लाखो पाट्या नव्याने झाल्या. देवनागरी अक्षरकारासाठी इतकं काम एकदम कधी निघालं नव्हतं. पाट्या लागल्या त्या मात्र ताणलेल्या, फुगवलेल्या, इंग्रजी लोगोच्या खाली कोंबलेल्या अक्षरांत. आमच्या किती महाविद्यालयांनी त्या वेळी चौथ्या वर्षाच्या मुलांना एखाद्या बाजारपेठेत नेऊन प्रकल्प दिला?

2023 मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभ्यासक्रम ठरवायला आता पूर्वीसारखी वाट पाहावी लागणार नाही. माझं मागणं लहान आहे. शाळेतली मुलं इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत भूमितीबरोबर अक्षरलेखनही करतात, तालुक्या-तालुक्यात करतात. तिथून सुरू झालेला धागा पदवीच्या चारही वर्षांत न तोडता चालू ठेवा. पहिल्या वर्षी बोरू, दुसऱ्या वर्षी लेटरिंग, तिसऱ्या वर्षी देवनागरी मजकुराची पानं, चौथ्या वर्षी एक पुस्तक किंवा एक दिवाळी अंक, मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत. आणि त्या वर्षाच्या ज्युरीत एजन्सीच्या क्रिएटिव्ह डायरेक्टरच्या शेजारी एका मुद्रितशोधकालाही बसवा.