आजी-आजोबांना 'कुटुंबा'त धरायचे की नाही? कोरोनाकाळातील बंद सीमा आणि मराठी ज्यू घरे

प्रतिनिधी, कबनूर

मार्च 2020 च्या अखेरीस टाळेबंदी लागू झाली आणि इचलकरंजीला खेटून असलेल्या कबनूरमधील यंत्रमागांचा खडखडाट थांबला. ज्या घरांतील मुलगा वा मुलगी परदेशात स्थिरावली आहे, त्या घरांना त्या शांततेत आणखी एक प्रश्न छळू लागला. लेकीचे बाळंतपण परदेशात असेल तर आईने डिंकाचे लाडू, बाळंतविडा बांधून विमानात बसायचे, ही रीत आता आपल्याकडे रुळली आहे. पासपोर्ट आहे, व्हिसा आहे, तिकीटही काढलेले आहे, तरीही जाता येणार नाही, हे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. 'आम्ही काय पर्यटक आहोत का?' असा या वयस्कर मंडळींचा सवाल होता. जगातील बहुतेक देशांच्या कायद्याने त्यांना दिलेले उत्तर 'होय' असेच होते.

हा पेच नीट समजून घ्यायचा असेल तर महाराष्ट्रातील एका छोट्या समाजाकडे पाहावे लागते. तो समाज म्हणजे कोकणातील बेने इस्रायल, म्हणजेच मराठी ज्यू. कारण या समाजाच्या बाबतीत 'कुटुंब कोणाला म्हणायचे' हा प्रश्न एकाच वेळी दोन कायद्यांनी हाताळला, आणि दोघांची उत्तरे परस्परांशी जुळणारी नव्हती.

अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि वाचलेली माणसे तेथेच वसली, अशी या समाजाची परंपरागत धारणा आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारची सुटी यांमुळे गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडलेली आहेत. मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 मध्ये बांधले. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात या समाजाची संख्या सुमारे वीस हजार होती. 1948 मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यावर हळूहळू स्थलांतर सुरू झाले. आज भारतातील सर्व ज्यूंची मिळून संख्या पाच हजारांच्या घरात असावी. इस्रायलमध्ये मात्र भारतीय वंशाच्या ज्यूंची संख्या काही दशहजारांत आहे. दिमोना, अश्दोद, बीरशेबा, लोद, रामला या शहरांत मराठी आजही कानी पडते. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तेथून निघाले. त्यामुळे ठाणे, मुंबई, पुणे वा अलिबागच्या ज्यू घरातील निम्मी माणसे समुद्रापलीकडे असणे, यात नवल काहीच नाही.

या घरांच्या वाटा पंधरवड्याच्या आत बंद झाल्या. भारताने 13 मार्च 2020 पासून बहुतेक व्हिसा स्थगित केले. परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे, म्हणजे ओसीआय, कार्ड असणाऱ्यांची व्हिसामुक्त प्रवेशाची सवलतही त्यात गेली. इस्रायलने 18 मार्चला परकीय नागरिकांना दार बंद केले. पाठोपाठ भारतातील नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबली. ती पूर्ववत होण्यास 27 मार्च 2022 उजाडावे लागले. म्हणजे आजीला तिकडे जाता येईना आणि नातवाला इकडे येता येईना.

त्याच सुमारास पेसाह, म्हणजे वल्हांडणाचा सण आला. 8 एप्रिल 2020 ची ती रात्र तीन पिढ्यांनी एका मेजाभोवती बसण्याची. घरातील लहान मुलाने प्रश्न विचारायचे आणि वडीलधाऱ्यांनी मिसर देशातून सुटकेची कथा सांगायची, हाच या रात्रीचा गाभा आहे. इस्रायल सरकारने त्या रात्री घराबाहेर पडण्यास मनाई केली होती. एकट्या पडलेल्या वृद्धांसाठी, सण लागण्यापूर्वी सुरू करून ठेवलेल्या दूरदृश्य संवादाद्वारे कुटुंबाने एकत्र बसावे, असा निर्णय सेफार्दी परंपरेतील काही रब्बींनी दिला. सणाच्या दिवशी विजेची उपकरणे हाताळणे धर्मशास्त्रात वर्ज्य असल्याने इस्रायलच्या मुख्य रब्बींनी त्याला विरोध केला. बेने इस्रायल उपासनेत सेफार्दी पद्धत पाळतात. त्यामुळे हा वाद त्यांच्याही घरचा होता. अर्थात भारत आणि इस्रायलच्या घड्याळात उन्हाळ्यात अडीच तासांचे अंतर आहे. मुंबईत सूर्य बुडून सण लागतो, तेव्हा तेल अवीवमध्ये दुपार सरलेली नसते. त्यामुळे शास्त्राने परवानगी दिली तरी घड्याळ ती देत नव्हते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. इस्रायलच्या 1950 च्या 'परतण्याच्या कायद्या'नुसार जगातील कोणत्याही ज्यूला तेथे स्थायिक होण्याचा हक्क आहे. 1970 च्या दुरुस्तीने तो ज्यू व्यक्तीच्या मुलांना, नातवंडांना आणि त्यांच्या जोडीदारांनाही मिळाला. म्हणजे आजोबा ज्यू असले तर नातू हक्काने तेथे जाऊ शकतो. साथीच्या काळातही हा हक्क मोडला गेला नाही. विलगीकरणाच्या अटीवर स्थलांतर सुरूच होते आणि 2020 मध्ये वीस हजारांच्या आसपास लोक तेथे वसण्यासाठी गेले. डिसेंबर 2020 मध्ये मणिपूर-मिझोरामकडील बेने मनश्शे समाजातील सुमारे अडीचशे जण इस्रायलला पोहोचले. मे 2021 च्या अखेरीस, आपल्याकडे दुसरी लाट ओसरलेली नसताना, आणखी एक तुकडी निघाली. त्यातील काहींना संसर्ग झाल्याचे आढळल्याने दिल्लीतच थांबावे लागले, ही गोष्ट निराळी.

याचा अर्थ असा की, ठाण्यातील एखादी ज्यू आजी घरदार विकून कायमची इस्रायलला जाऊ शकत होती. महिनाभर नातवाला मांडीवर खेळवून परत येण्याची मुभा मात्र तिला नव्हती. स्थलांतरित होणे हा हक्क होता आणि भेटीला जाणे ही केवळ सवलत, जी शासन कधीही काढून घेऊ शकते. सत्तरी ओलांडलेल्या माणसासमोर असा पर्याय ठेवणे म्हणजे न्याय नव्हे, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे स्पष्ट मत आहे. आयुष्यभराची भाषा, शेजार आणि जोडीदाराची कबर सोडून जाण्याचा निर्णय कोणी विषाणूच्या धाकाने घेऊ नये.

लस आल्यावर सारे सुकर होईल, अशी आशा होती. 2021 मध्ये इस्रायलने नागरिकांच्या प्रथम श्रेणीच्या नातेवाइकांसाठी अटींसह दार किलकिले केले. येथे आजी-आजोबा नातवंडांचे आजी-आजोबा म्हणून नव्हे, तर मधल्या पिढीचे आई-वडील म्हणून अर्ज करत. पण 3 मे 2021 पासून भारत हा इस्रायलने प्रवासास मनाई केलेल्या देशांच्या यादीत गेला. त्याआधीच एप्रिलच्या अखेरीस अमिरातीने भारतातून येणाऱ्यांना प्रवेश थांबवल्याने दुबईमार्गे जाण्याची वाटही बुजली होती.

पुढे 1 नोव्हेंबर 2021 ला इस्रायलने लस घेतलेल्या पर्यटकांना प्रवेश दिला, तेव्हा एक विचित्र गोष्ट घडली. शेवटची मात्रा घेऊन सहा महिन्यांहून अधिक काळ झालेला नसावा किंवा वर्धक मात्रा घेतलेली असावी, अशी अट होती. आपल्याकडे साठीपुढील नागरिकांचे लसीकरण 1 मार्च 2021 ला सुरू झाले. ज्यांनी पहिल्याच आठवड्यात रांग लावली, त्यांची दुसरी मात्रा एप्रिलमध्ये पूर्ण झाली आणि इस्रायलच्या हिशेबाने तिची मुदत ऑक्टोबरमध्येच संपली. वर्धक मात्रा घ्यावी म्हटले तर ती भारतात 10 जानेवारी 2022 पर्यंत सुरूच झाली नव्हती. ज्या ज्येष्ठांनी तत्परतेने नियम पाळला, तेच दाराबाहेर राहिले. शिवाय ते दारही जेमतेम चार आठवडे उघडे होते. ओमायक्रॉनच्या भीतीने नोव्हेंबरच्या अखेरीस ते पुन्हा लागले, जानेवारीत अंशतः उघडले आणि 1 मार्च 2022 पासून लशीची अट न ठेवता खुले झाले.

एकट्या इस्रायलला दोष देण्याचे मात्र कारण नाही. आपल्या भागातील बहुतेक मुले ज्या देशांत आहेत, तेथील चित्र फारसे वेगळे नव्हते. अमेरिकेने 4 मे 2021 ला भारतातून येणाऱ्यांवर निर्बंध घातले, तेव्हा तेथील नागरिक वा कायम रहिवासी असलेल्या, एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलाच्या पालकांना त्यातून सूट दिली. त्याच मुलाच्या आजी-आजोबांना ती नव्हती. ऑस्ट्रेलियाने नागरिकांच्या आई-वडिलांना 'निकटचे कुटुंब' मानले ते 1 नोव्हेंबर 2021 पासून, म्हणजे तब्बल दीड वर्षाने. कॅनडाने ऑक्टोबर 2020 मध्येच आजी-आजोबांचा विस्तारित कुटुंबात समावेश केला होता, पण एप्रिल ते सप्टेंबर 2021 भारतातून थेट विमानेच बंद ठेवली. भारतानेही मे 2020 मध्ये ओसीआय कार्डधारकांना सवलत दिली, त्यात कुटुंबातील मृत्यूसारख्या आपत्तीचा उल्लेख होता. आजारी नसलेल्या आजोबांना नुसते भेटणे त्यात बसत नव्हते.

बेने इस्रायल समाजाला आजीची कागदोपत्री किंमत पूर्वीही एकदा कळली होती. 1962 मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बी मंडळाने या समाजातील वधूवरांच्या विवाहापूर्वी त्यांच्या आई व आजीच्या वंशाची, शक्य तितक्या मागे जाऊन, चौकशी करण्याचा आदेश काढला. समाज रस्त्यावर उतरला. अखेर 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने समान ज्यू असल्याचा ठराव केला. विवाहाच्या वेळी आजी कोण होती, याची इतकी काटेकोर विचारणा करणाऱ्या व्यवस्थेला साथीच्या काळात तीच आजी परकी पर्यटक वाटावी, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

ऑक्टोबर 2023 नंतर युद्धामुळे इस्रायलची विमाने पुन्हा अनेकदा खंडित झाली. कारण बदलले तरी अशा वेळी सवलतीचा अर्ज करताना लागणारे कागद तेच राहतात. मुख्य कागद म्हणजे परदेशातील मुलाचा जन्मदाखला, ज्यावर आई-वडिलांची नावे पासपोर्टप्रमाणेच हवीत. बेने इस्रायल घरांत गावाचे आडनाव आणि वडिलांचे हिब्रू नाव आलटून पालटून वापरण्याची पद्धत असल्याने हा ताळमेळ जमवणे जिकिरीचे असते. कबनूरसारख्या गावांत अडचण निराळी. चाळीस वर्षांपूर्वीच्या नोंदवहीत आईचे माहेरचे नाव, मुलाचे पाळण्यातले नाव, आडनावाची वेगळीच वेलांटी असा मामला सापडू शकतो. दुरुस्तीचा अर्ज जन्म-मृत्यू निबंधकाकडे करता येतो, त्याला शाळेच्या दाखल्यासारखा पुरावा लागतो, आणि हे काम विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी उरकलेले बरे.