गृहपाठ घरच्यांचा

रविवारी रात्री साडेनऊला स्टेशनरीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं असतं, तेव्हा एक आई धापा टाकत येते. चौथीतल्या मुलाला उद्या 'जलचक्र' न्यायचंय आणि हे त्याला आठवलं जेवायला बसल्यावर. दुकानदार न विचारताच चार्टपेपर, निळा घोटीव कागद, कापूस आणि डिंकाची बाटली काढून ठेवतो. कापूस ढगांसाठी. चित्र पुरं होईस्तोवर मुलगा झोपलेला असतो. सोमवारी वहीत 'छान' असा शेरा मिळतो. तो कुणाला मिळाला, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं.

नियमांत पाहिलं तर या वयात इतका गृहपाठ नाहीच. केंद्राच्या २०२० सालच्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नको. तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला एक तास आणि नववीपासून दोन तास. त्याआधी २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही पहिली-दुसरीच्या गृहपाठाला मनाई केली होती. कागदावर आपण बरेच पुढारलेले आहोत.

मग गृहपाठ थांबत का नाही? एक कारण शाळेत नाही, फाटकाबाहेर आहे. वही कोरी आली की 'शाळा काही करूनच घेत नाही' अशी कुजबुज पालकांत सुरू होते आणि पोराची रवानगी क्लासला होते. तिथे पुन्हा गृहपाठ असतोच!

त्याचा उपयोग किती, यावर अमेरिकेतले हॅरिस कूपर यांनी जुनी संशोधनं एकत्र तपासून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. सातवीपासून पुढे गृहपाठ आणि गुण यांचा संबंध ठळक दिसतो, त्याखालच्या वर्गांत फारच पुसट. २०१२ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या वेळी पंधरा वर्षांची मुलं गृहपाठाला किती वेळ देतात, तेही विचारलं गेलं. शांघायमध्ये आठवड्याला जवळपास चौदा तास, फिनलंडमध्ये तीनही नाहीत. तरी फिनलंडची मुलं सरासरीच्या बरीच वर होती.

पण त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट जास्त बोचते. सुस्थितीतल्या घरांतली मुलं गरीब घरांतल्या मुलांपेक्षा आठवड्याला दीडेक तास जास्त गृहपाठ करत होती. स्वतंत्र टेबल, विचारायला शिकलेलं माणूस, शांत कोपरा यांतलं काहीच शाळा देत नाही. शाळा देते फक्त प्रश्न. उत्तराची सोय ज्याची त्याने बघायची.

फ्रान्समध्ये प्राथमिक वर्गांच्या लेखी गृहपाठाला १९५६ पासून बंदी आहे, आणि तो तरीही दिला जातो. २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओलांद यांनी हा विषय पुन्हा काढला, तो याच विषमतेच्या मुद्द्यावर. चीनने २०२१ मध्ये पहिली-दुसरीचा लेखी गृहपाठ बंद केला आणि जोडीला पालकांना गृहपाठ देण्यास, त्यांच्याकडून तो तपासून घेण्यासही शाळांना मनाई केली. हे कलम आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाचलं, तर निम्म्या आया टाळ्या वाजवतील.

आपल्याकडे याहून शहाणी गोष्ट १९९३ मध्येच लिहून झाली होती. आर. के. नारायण यांनी राज्यसभेतल्या पहिल्या भाषणात दप्तराच्या ओझ्याचा विषय काढला होता. पुढे नेमलेल्या यशपाल समितीने म्हटलं, की प्राथमिक वर्गांना गृहपाठ नको. अपवाद एकच: घरच्या परिसरात काही शोधून काढण्याचा. वरच्या वर्गांतही पाठ्यपुस्तकाबाहेरचा हवा. सरावाचं काय, असं कुणी विचारेल. पाढे घोटायलाच हवेत. ते वर्गातही घोटता येतात, तिथे चुकलं तर सांगायला बाई असतात.

शोधून काढायचं म्हणजे काय, तर समजा बाईंनी सांगितलं: पूर्वी घरात धान्य कशाने मोजत, विचारून या. फ्लॅटमधली मुलगी मोबाइलवरून गावच्या आजीला फोन लावील. ऊसतोडीवरून परतलेल्या कुटुंबातला मुलगा 'पायली' आणि 'अधोली' ऐकून येईल, शिवाय उसाची मोळी बांधतात कशी, हेही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'अधोली' लिहिताना 'धो' की 'ढो', यावर वर्गात वाद होईल, आणि त्या दिवशी बरोबर उत्तर त्या मुलाकडे असेल.