साखळी न ओढणारे माकड

काशीमिऱ्याहून घोडबंदरकडे निघालात की उजव्या हाताला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. या जंगलात काळ्या तोंडाची वानरे आहेत, तशीच लालसर तोंडाची ऱ्हीसस माकडेही आहेत. (रक्तगटाबरोबर लिहितात तो ‘आरएच’ याच माकडाच्या नावावरून आला!)

माकड म्हणजे हिसकावून घेणारा प्राणी, अशी आपली समजूत. अमेरिकेतील ज्यूल्स मॅसरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मात्र निराळेच सांगतो. त्यांनी ऱ्हीसस माकडांना साखळ्या ओढून खाणे मिळवायला शिकवले. मग एका साखळीची जोडणी बदलली. ती ओढली की खाणे मिळे. पण त्याच वेळी काचेपलीकडच्या दुसऱ्या माकडाला विजेचा झटका बसे.

तुम्ही भुकेले असता तर काय केले असते?

बहुतेक माकडांनी ती साखळी टाळली. एकाने तर ५ दिवस आणि दुसऱ्याने १२ दिवस कोणत्याच साखळीला हात लावला नाही! समोरचे माकड ओळखीचे असले, किंवा स्वतः कधी झटका खाल्लेला असला, तर माकड अधिक आवरून धरी. समोरचे थोराड आहे की किरकोळ, याने फारसा फरक पडला नाही.

याला दया म्हणावे का? सोबत्याची तडफड बघवेना, एवढ्यानेच हात आखडला असेल, असेही म्हणता येईल. पण दुसऱ्याची वेदना आपल्याला बघवू नये, दयेची सुरुवात तेथूनच होत असावी, असे मला वाटते.

आदल्याच वर्षी, १९६३ मध्ये, येल विद्यापीठातील स्टॅन्ली मिलग्रम यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. शेजारच्या खोलीतील माणूस उत्तर चुकला की त्याला झटका द्या, असे ४० जणांना सांगितले होते. झटके खोटे होते. पण हे त्यांना ठाऊक नव्हते. घाम फुटला, हात कापले, तरी २६ जणांनी शेवटचे, ४५० व्होल्टचे बटण दाबले. अर्थात ही तुलना सरळ नाही. माकडांच्या पाठीशी ‘पुढे चला’ म्हणणारा कोणी उभा नव्हता.

आणि माकडांना बसलेले झटके खरे होते, हेही विसरू नका. त्या काळी आपल्याकडून दरवर्षी हजारो ऱ्हीसस माकडे परदेशांतील प्रयोगशाळांत जात. अण्वस्त्रांच्या किरणोत्सर्गाचे परिणाम अजमावण्यासाठी ती वापरली जातात, हे उघड झाल्यावर भारताने १९७८ साली ही निर्यात बंद केली.