औषधांची कागदपत्रे आणि कंत्राटी नोकरी

मुलगी औषध कंपनीत कामाला आहे. पण ती औषध तयार करीत नाही आणि विकतही नाही. मग दिवसभर करते तरी काय, असा प्रश्न एका मातेने आम्हांला विचारला. फार्मसीची पदवी घेतलेले आपले काही तरुण 'रेग्युलेटरी अफेअर्स' या विभागात, तेही वर्षभराच्या कंत्राटावर, काम करीत असतात. म्हणून या कामाची थोडी ओळख करून द्यावी असे वाटले.

नियामक संस्थेच्या परवानगीशिवाय औषध बाजारात आणता येत नाही. त्यासाठी सादर करावयाच्या दस्तऐवजास 'डोसियर' म्हणतात. अनेक देशांनी मान्य केलेल्या नमुन्यानुसार त्याचे पाच भाग असतात. पहिला भाग त्या त्या देशाच्या नियमांप्रमाणे बदलतो, दुसऱ्यात सारांश असतो, तर चौथ्या व पाचव्यात प्राण्यांवरील आणि माणसांवरील चाचण्या येतात. जेनेरिक औषधांच्या बाबतीत खरे कष्ट असतात ते तिसऱ्या भागात. कच्चा माल कोणाकडून घेतला, गोळी कशी बनविली, तिची तपासणी कशी झाली, ती किती काळ टिकेल, हे सारे त्यात पुराव्यानिशी मांडावे लागते. टिकाऊपणा पाहण्यासाठी नमुने ४० अंश सेल्सियस तापमानात आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून ठरावीक अंतराने तपासतात.

एवढे कागद कशाला, असे कोणी म्हणेल. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. माल कोठून आला आणि तो कोणी तपासला, हे प्रश्न केवळ कारकुनी नाहीत.

अर्जांचे काम भरतीसारखे येते आणि ओसरते. परदेशी संस्थेने शंका विचारल्या की ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे लागते. म्हणून कंपन्या जादा माणसे कंत्राटावर घेतात. आमची चिंता येथेच आहे. सहा महिन्यांचा निकाल अजून हाती नाही आणि वरिष्ठ म्हणतात, 'आकडा भरून टाका.' पुढच्या महिन्यात ज्याचे कंत्राट संपणार, त्याने नाही कसे म्हणावे? अनुभवी मंडळी सांगतात, अशा वेळी तोंडी वाद घालू नये. 'मूळ अहवाल मिळाल्यावर नोंद करीन' असे ईमेलवर लिहून कळवावे. लेखी नोंदीपुढे पुष्कळदा दडपण ओसरते. नेहमीच नाही, हेही खरे.

सही करण्यापूर्वी आपला मालक कोण, हे पाहावे: औषध कंपनी, की मनुष्यबळ पुरविणारा ठेकेदार? सल्लागार म्हणून नेमणूक असेल तर सामान्यतः भविष्यनिर्वाह निधीही नाही आणि भरपगारी रजाही नाही. याउलट, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार, ठरावीक मुदतीसाठी थेट नेमलेल्या कर्मचाऱ्यास एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. फरक नियुक्तीपत्रातील एकदोन शब्दांचाच असतो.

आणि गोपनीयतेचे कलम नोकरी संपल्यावरही बहुधा बंधनकारक राहते. त्या मातेच्या प्रश्नाला मुलगी नीट उत्तर का देत नाही, त्याचे एक कारण हेही असावे. कोणत्या औषधाचे काम चालले आहे, ते तिला घरीही सांगता येत नाही.