बलात्काराच्या आरोपीचं वकीलपत्र

गाजलेला गुन्हा असला की संगमनेरच्या कोर्टाबाहेर सकाळपासून गर्दी जमते. पोलिसांची गाडी येते, डोक्यावरून कापड ओढलेला आरोपी उतरतो, मोबाइल वर होतात, कोणीतरी शिवी हासडतं. आत मात्र सगळं दोन-चार मिनिटांचं असतं. मॅजिस्ट्रेट साहेब विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ आरोपी मान हलवतो. मग दुसरा प्रश्न येतो, ‘वकील दिलाय का?’

बाहेरच्या गर्दीला या दुसऱ्या प्रश्नाचा राग येतो. असल्या माणसाला वकील कशाला हवा? हा लेख त्याबद्दलच आहे.

हा प्रश्न विचारावाच लागतो

राज्यघटनेच्या कलम २२(१) नुसार अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे. गुन्हा कोणता, याची अट तिथे नाही. वकिलाची ऐपत नसेल तर सरकारने द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या हॉस्कॉट खटल्यात सांगितलं. पुढे अजमल कसाबच्या अपिलात, २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात, न्यायालयाने हे आणखी पक्कं केलं. आरोपीला पहिल्यांदा हजर केलं जाईल तेव्हाच त्याला वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणं हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य ठरलं. कसाबची फाशी त्याच निकालात कायम झाली, हे विसरू नये. त्याला वकील दिला म्हणून तो सुटला नाही. वकील दिला गेला होता, म्हणूनच त्या शिक्षेवर बोट ठेवणं अवघड झालं.

फी परवडत नसेल तर

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ पासून. त्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या कोणालाही, मग तो कितीही कमावता असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, अर्ज तिथेच करायचा. जिल्ह्याच्या ठिकाणी आता ‘लोक अभिरक्षक’ नावाचे पूर्णवेळ बचाव वकील नेमले जातात. सरकारी वकील सरकार पक्षाचा, तसा हा आरोपीचा. पगार दोघांचाही सरकारी तिजोरीतून.

फुकटचा वकील म्हणजे नावापुरता वकील, अशी समजूत आहे आणि ती अगदीच खोटी नाही. मध्य प्रदेशातल्या एका बालिकेवरच्या अत्याचार आणि खुनाच्या खटल्यात वकील नेमला गेला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि काही दिवसांत फाशी सुनावली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितला. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात नेमलेल्या वकिलाची किमान दहा वर्षांची वकिली हवी आणि तयारीला त्याला साधारण सात दिवस तरी मिळावेत, असंही ठरवून दिलं. मुलीच्या घरच्यांना मात्र सगळं पुन्हा पहिल्यापासून सोसावं लागलं. घाईत उरकलेल्या खटल्याची किंमत त्यांनीच मोजली.

कागदाचा प्रवास

फिर्याद संगमनेर शहर, संगमनेर तालुका, घारगाव किंवा आश्वी यांपैकी एखाद्या ठाण्यात नोंदवली जाते. मुलीची वैद्यकीय तपासणी होते, आरोपीचीही होते. रक्त, कपडे, नखांखालचे नमुने सीलबंद होऊन न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातात. मुलीचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवतात. वकील मंडळी अजूनही त्याला ‘एकशे चौसष्टचा जबाब’ म्हणतात, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १८३ खाली येतो. असे गुन्हे सत्र न्यायालयातच चालतात आणि अतिरिक्त सत्र न्यायालय संगमनेरलाच आहे. त्यामुळे दर तारखेला नगरची, म्हणजे आता अहिल्यानगरची, वारी करावी लागत नाही. अपील मात्र थेट छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात.

दोषारोपपत्राची नक्कल आरोपीला फुकट मिळते. चांगला बचाव वकील पहिल्यांदा हेच बाड घेऊन बसतो. घटनेची वेळ किती, फिर्याद किती वाजता, पंचनामा किती वाजता, नमुना कधी सील झाला, कोणाच्या ताब्यात राहिला, प्रयोगशाळेत कधी पोहोचला. मधल्या चार दिवसांचा हिशोब लागत नसेल तर तो लाल पेनने गोल करतो. सिनेमातला वकील टेबल आपटतो, खऱ्या वकिलाचा दिवस असल्या तारखा जुळवण्यात जातो.

जामीन म्हणजे सुटका नव्हे

‘महिन्यात बाहेर आला, पैसे चारले’ असं चौकात म्हणतात. कायदा असा आहे: दहा वर्षांपासून फाशीपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झालं नाही, तर आरोपीला जामीन हक्काने मिळतो. दोष तिथे तपासाचा. एरवी बलात्काराच्या गुन्ह्यात जामीन मिळणं अवघडच. पीडिता सोळा वर्षांच्या आतली असेल, किंवा सामूहिक अत्याचारात अठराच्या आतली असेल, तर अटकपूर्व जामिनाची वाटच बंद आहे. नेहमीचा जामीन मागतानाही फिर्यादी किंवा तिच्या वतीने कोणीतरी कोर्टात हजर असावं लागतं.

बचाव कशाचा करतात

काही खटल्यांत प्रश्न ओळखीचा असतो: गुन्हा झाला, पण करणारा हाच का? अशा वेळी डीएनए अहवाल आणि ओळख परेड यांवर सगळं फिरतं.

दुसरा प्रश्न संमतीचा, आणि त्यातही लग्नाच्या वचनाचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ६९ हे त्यासाठीच आलं, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जो फरक केला, तो वकील रोज वापरतात. वचन देतानाच ते पाळायचं नव्हतं, ही फसवणूक. मनापासून दिलेलं वचन पुढे मोडलं, ते वाईट वागणं असेल, पण बलात्कार नव्हे.

तिसरा प्रश्न वयाचा, आणि गावाकडे सगळ्यात जास्त गुंता इथेच होतो. मुलगी अठराच्या आत असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो आणि तिथे संमतीला काही अर्थ उरत नाही. दोघं मिळून पळून गेले, लग्न केलं, तरी मुलगा आत जातो. मग सगळा खटला येऊन थांबतो एका दाखल्यावर. बाल न्याय कायद्याप्रमाणे आधी शाळेची किंवा दहावीची नोंद बघायची, ती नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. आता आपल्याकडे एका पिढीतल्या निम्म्या वर्गाचा वाढदिवस एक जूनला का येतो, हे वाचकांना सांगायला नको. पोराला शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली तारीख वीस वर्षांच्या सक्तमजुरीचा आधार होऊ शकते. वकिलाने पहिलीचं जनरल रजिस्टर मागवलं तर त्याला आडमुठेपणा म्हणू नये.

पोक्सोच्या कलम २९ मुळे आरोपीनेच गुन्हा केला, असं न्यायालय गृहीत धरतं. पण मूळ घटना आधी सरकार पक्षानेच उभी करायची असते. त्याशिवाय हे गृहीतक लागू होत नाही.

उलटतपासणीचं कुंपण

बचावाच्या नावाखाली काय काय झालं, हेही लपवायला नको. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, तिला आधीच शरीरसंबंधांची सवय होती, असले मुद्दे तिच्याविरुद्ध गेले. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

आता खटला बंद दाराआड चालतो. पीडितेच्या चारित्र्यावर आणि पूर्वीच्या संबंधांवर प्रश्न विचारता येत नाहीत. पोक्सोत वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाही. तो न्यायाधीशांना सांगतो, न्यायाधीश विचारतात. पीडितेची ‘टू फिंगर टेस्ट’ करणारा डॉक्टरच गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असं ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं.

म्हणजे वकिलाने विचारावं काय? ‘त्या वेळी खोलीत लाइट होती का?’ विचारावं. ‘आधीच्या जबाबात तुम्ही त्याचं नाव सांगितलं नव्हतं, बरोबर?’ हेही विचारावं. ‘इतक्या रात्री तू बाहेर का होतीस?’ यातून खरं-खोटं काहीच ठरत नाही, फक्त मुलगी रडते. माझ्या मते हा प्रश्न क्रूर तर आहेच, शिवाय तो आळशी वकिलाचा आहे. लाल पेनचं काम ज्याने केलेलं नसतं, तोच चारित्र्याकडे वळतो.

आणि उलटतपासणी हवीच. पीडितेची एकटीची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते, असं आपला कायदा मानतो. हे गुन्हे साक्षीदारांसमोर होत नाहीत, तेव्हा ते योग्यच आहे. पण एका साक्षीवर माणसाचं आयुष्य ठरणार असेल, तर ती साक्ष पारखून घ्यायलाच हवी.

सोळा वर्षं

५ जून २००३ च्या रात्री महाराष्ट्रात एका बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला. घरातल्या पाच जणांचा खून झाला, आई आणि मुलीवर बलात्कार झाला, मुलगी गेली. आई वाचली. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर निष्पन्न झालं.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच निकाल मागे घेतला आणि अपिलं नव्याने ऐकली. तेव्हा एक कागद पुढे आला. वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधून चार जणांचे फोटो ओळखले होते. हे चौघे त्या सहांपैकी नव्हते. त्या चौघांवर खटलाच भरला गेला नव्हता. ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला.

तो कागद सुरुवातीपासून पोलिसांकडे होता. सोळा वर्षं सहा माणसं तुरुंगात राहिली, आणि त्या आईने ज्यांच्याकडे बोट दाखवलं होतं त्यांच्यावर या गुन्ह्यासाठी कारवाईच झाली नाही. आरोपीचा बचाव म्हणजे पीडितेशी वैर, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे निकालपत्र वाचावं.

‘आमच्यातलं कोणी उभं राहणार नाही’

गुन्हा फार भयंकर असला की वकिलांच्या संघटना आरोपीचं वकीलपत्र न घेण्याचे ठराव करतात. भावना समजते. पण डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा ठरवले आहेत. बार कौन्सिलचा नियमही सांगतो की, आरोपीच्या दोषाबद्दल स्वतःचं मत काहीही असो, वकिलाने त्याचा बचाव करावा.

आपल्या जिल्ह्याला हे कोपर्डीत कळलं. १३ जुलै २०१६ ला कर्जत तालुक्यातल्या या गावात अल्पवयीन मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. सारा महाराष्ट्र रस्त्यावर होता. तरीही नगरच्या सत्र न्यायालयात एका बाजूला सरकार पक्षाचे वकील उज्ज्वल निकम उभे राहिले, दुसऱ्या बाजूला आरोपींचे वकील. साक्षीदारांच्या उलटतपासण्या झाल्या आणि २९ नोव्हेंबर २०१७ रोजी तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. बदलापूरला २०२४ मध्ये उलटं घडलं. लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातला मुख्य आरोपी २३ सप्टेंबरला पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मेला. काहींनी पेढे वाटले. त्याच्यावरचा खटला चाललाच नाही, त्यामुळे त्या चिमुरड्यांना कोर्टाचा निकाल कधीच मिळणार नाही.

घरच्यांसाठी

आरोपीच्या घरचे घाबरून नेमक्या नको त्या गोष्टी करतात. चार प्रतिष्ठित माणसं घेऊन मुलीच्या घरी ‘मिटवायला’ जाऊ नये. हा गुन्हा आपसात मिटत नाही, साक्षीदारावर दबाव आणला म्हणून जामीन मात्र जातो. मुलीचं नाव किंवा फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मुलाचे मोबाइलमधले मेसेज पुसू नयेत, त्यातलेच काही उद्या त्याच्या उपयोगी पडतील. आणि पहिल्या रिमांडलाच, साहेबांनी विचारायची वाट न पाहता, वकील मागावा. विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत फोन क्रमांक १५१०० आहे. मुलीच्या घरच्यांनाही हाच नंबर चालतो.