दर अर्ध्या तासाची नोंद

डोक्याला मार लागल्यावर मेंदूची हानी दोन टप्प्यांत होते. पहिली आघाताच्या क्षणीच होऊन जाते, ती कोणत्याही रुग्णालयाला परतवता येत नाही. दुसरी पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत होते: रक्तस्राव, सूज, प्राणवायूची तूट. उपचारांची सारी धडपड ही दुसरी हानी टाळण्यासाठी असते.

कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा, काठोकाठ भरलेला डबा. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचा द्रव. रक्ताची गाठ वाढू लागली की आधी थोडा द्रव मणक्याकडे सरकतो, शिरांतले रक्तही कमी होते. तोवर दाब फारसा चढत नाही. एवढी जागा संपली की मात्र जराशा वाढीनेही दाब झपाट्याने चढतो. स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर मन्रो यांनी 1783 मध्ये आणि जॉर्ज केली यांनी 1824 मध्ये मांडलेला हा विचार आजही न्यूरोसर्जरीचा पाया आहे. कॅज्युअल्टीत व्यवस्थित बोलणारा रुग्ण काही तासांत बेशुद्ध का होतो, याचे उत्तर त्यात सापडते.

हा बदल वेळीच कळावा कसा? ‘गुंगीत’, ‘अर्धवट शुद्धीत’ असे शब्द केसपेपरवर लिहिले जात आणि प्रत्येक जण त्यांचा वेगळा अर्थ लावी. ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी 1974 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर साधा उपाय मांडला. डोळे कशाने उघडतात, रुग्ण काय बोलतो, हातपाय कसे हलवतो, एवढेच पाहायचे. आज वापरात असलेल्या रूपात डोळ्यांना 4, बोलण्याला 5 आणि हालचालीला 6 गुण. एकूण 15, कमीत कमी 3. मूळ लेखात बेरीज नव्हतीच, ती नंतर आली. एकच आकडा सांगणे सोयीचे असले, तरी तिन्ही गुण वेगवेगळे सांगणेच योग्य, कारण तीच बेरीज दोन अगदी भिन्न अवस्थांतून येऊ शकते.

या मापाचा मोठा गुण असा, की ते तज्ज्ञांपुरते राहिले नाही. कनिष्ठ डॉक्टर आणि परिचारिकांना खाटेपाशी वापरता यावे असेच ते होते. पुस्तकांत दोघा शल्यविशारदांची नावे येतात. पण गेली पन्नास वर्षे हे माप चालवले ते मुख्यतः परिचारिकांनी.

रात्री दोन वाजता हे काम कसे चालते? सिस्टर नावाने हाक मारते. उत्तर आले नाही, तर खांद्याजवळचा स्नायू चिमटीत दाबते. रुग्ण तिचा हात बाजूला सारू पाहतो की नुसताच कण्हतो, हे पाहते. पापणी उचलून टॉर्च मारते. एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन प्रकाशाला आकसत नसेल, तर त्या बाजूला दाब वाढल्याची दाट शंका येते. मग नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन. ‘आत्ताच डोळा लागलाय, झोपू द्या ना सिस्टर,’ असे नातेवाईक काकुळतीने म्हणतात. पण झोप आणि वाढती गुंगी लांबून सारखीच दिसते. उठवल्याशिवाय फरक कळत नाही.

ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पूर्ण 15 गुण असलेल्या रुग्णाचीही पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे चार तास दर तासाने आणि नंतर दर दोन तासांनी तपासणी व्हायला हवी. म्हणजे पहिल्या चोवीस तासांत 17 नोंदी. गुण 15 पेक्षा कमी असतील, तर ते 15 होईपर्यंत अर्ध्या तासाची पाळी सुटत नाही. एका नोंदीला पाच मिनिटे धरली, तर असे सहा रुग्ण एका परिचारिकेचा पूर्ण अर्धा तास घेतात. सलाइन, सक्शन, नळीतून अन्न, बेडसोअर होऊ नये म्हणून कूस बदलणे, यांना त्यात एक मिनिटही उरत नाही.

बोलण्याच्या गुणांत आणखी एक अडचण आहे. महिना कोणता, आपण कुठे आहोत, हे प्रश्न रुग्णाच्याच भाषेत विचारावे लागतात. मुंबई-पुण्यात रुग्ण भोजपुरी बोलणारा आणि परिचारिका केरळची असणे नवलाचे नाही. अशा वेळी भाषा जाणणाऱ्या नातेवाइकाला जवळ थांबवून घेणे हा तपासणीचाच भाग ठरतो.

यंत्रे हा भार हलका करतील, अशी आशा दाखवली जाते. बोलिव्हिया आणि इक्वाडोरमधील आयसीयूंत 324 गंभीर रुग्णांवर झालेली चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. काहींच्या कवटीत दाबमापक बसवला, उरलेल्यांवर तपासणी आणि सीटी स्कॅन यांच्या आधारे उपचार केले. दाबमापकाचा गट सरस ठरला नाही. यावरून दाबमापक निरुपयोगी ठरत नाही. काळजीपूर्वक, पुन्हा पुन्हा केलेल्या तपासणीचे मोल मात्र कळते.

‘नाइस’च्याच सूचनांनुसार एक गुण घसरला आणि अर्धा तास तसाच राहिला, तर डॉक्टरांना तातडीने बोलवायचे असते. ही घसरण दिसायला आधीची नोंद वेळेवर झालेली हवी. म्हणून न्यूरो वॉर्डात किती परिचारिका हव्यात, हे खाटा मोजून ठरवणे चुकीचे आहे. एका पाळीत किती नोंदी घ्यायच्या आहेत, यावरूनच ते ठरायला हवे.